अखेरची सेवा आणि तिचा मोबदला

मरण कोणास चुकले नाही. परंतु मृताची शेवटची सोय कोणी करावी, हा प्रश्न आपला समाज नेहमी दुसऱ्याच्या दारी ढकलीत आला आहे. जुन्या गावगाड्यात मृत्यूची वार्ता परगावी पोहोचविणे, सरपण वाहून नेणे ही कामे महार बांधवांच्या माथी वंशपरंपरेने मारली होती. ह्या वतनी वेठीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल मांडिले. वतने रद्द करणारा कायदा होण्यास मात्र १९५८ साल उजाडले. वतन गेले, पण त्या कामास चिकटलेला कमीपणा गेला काय?

मुळशी तालुक्यापुरतेच पाहू. ताम्हिणीकडील खेड्यांत भाऊबंद जमतात, तिरडी बांधतात, खांदा देतात. ही रीत स्तुत्यच होय. परंतु ह्याच तालुक्यात हिंजवडीस दूरच्या प्रांतांतून आलेली कित्येक कुटुंबे राहतात. त्यांस येथे भाऊबंद कोठून असणार? दाखला कोण देतो, गाडी व लाकडे कोठे मिळतात, २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद कोठे करावयाची, हे त्यांस ठाऊक नसते. आणि शोकात बुडालेला मनुष्य भावाची घासाघीस करीत नाही. तेथे माहीतगार व प्रामाणिक व्यवस्थापक हवाच. अमेरिकेत ह्या व्यवसायातील लोकांनी १८८२ सालीच आपला राष्ट्रीय संघ स्थापिला. आमच्या व्यापारी वाचकांस आमचे सांगणे इतकेच की, रास्त नफा अवश्य घ्यावा, पण दर आधी फलकावर लिहावे.

२०२० च्या साथीत कित्येकांचे आप्त जवळ येऊ शकले नाहीत, तेव्हा पुण्याच्या स्मशानांत पालिकेच्या कामगारांनी व निरनिराळ्या धर्मांच्या स्वयंसेवकांनी परक्यांच्या प्रेतांस अग्नी दिला. त्या वेळी त्यांची जात कोणी विचारली नाही. मग एरवी तरी का विचारावी?

ग्रामपंचायतींनी स्मशानावर छप्पर घालावे, मुळशीच्या पावसाळ्यासाठी कोरडी लाकडे राखावी, आणि जात न पाहता माणसे नेमून त्यांस ठरलेले वेतन, हातमोजे व विमा द्यावा. अस्पृश्यतेच्या नावाखाली कोणास स्मशानात मज्जाव करणे हा १९५५ पासून गुन्हा आहे. जेथे जातवार स्मशाने उरली असतील, तेथे गावकऱ्यांनी हा कायदा एकदा चावडीवर वाचावा. जो आपल्या बापास अखेरचा हात लावतो, त्यास आपल्या पंगतीत जागा नसेल, तर आपल्या श्राद्धपक्षास काय अर्थ उरला?