फुकटच्या कुत्र्याला एवढे नखरे?

गेल्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या टीममधला एक मित्र जाम तापला होता. त्याला कुत्रं दत्तक घ्यायचं होतं. पुण्यातल्याच एका हौशी स्वयंसेवकांच्या गटाकडे त्याने विचारणा केली, तर त्यांनी त्याला आधी दोन पानी फॉर्म पाठवला. मग व्हिडिओ कॉल. मग म्हणे घर बघायला येणार, आणि घरातल्या सगळ्यांशी बोलणार. "अरे, पासपोर्टला एवढी चौकशी नव्हती झाली! रस्त्यावरचं कुत्रं आहे, मी फुकटात घर देतोय, आणि वर यांचेच नखरे? त्यापेक्षा पैसे टाकतो आणि सरळ लॅब्रॅडॉर आणतो."

सगळं टेबल हसलं. मीही हसलो. पण घरी येताना चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये बसल्या बसल्या ते हसणं खटकायला लागलं. कारण हे वाक्य मीही एकदा बोललो होतो, आणि ते का चुकीचं होतं हे मला पुरतं ठाऊक आहे. शुक्रवारी डबा खाताना बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून आज रविवारी लिहितोय.

आधी स्वतःचं पाप सांगतो. २०२१ साली घरून काम चालू होतं तेव्हा आम्ही चौघं वाकडला एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. पावसाळ्यात खालच्या पार्किंगमध्ये एक पिल्लू सापडलं. काळं, कान पडलेले. वर आणलं, नाव ठेवलं 'बग'. चार इंजिनियर आणि एक कुत्रं, भरपूर मजा. कोणी फॉर्म भरून घेतला नाही, कोणी प्रश्न विचारला नाही. पहिली लस उत्साहात चौघंही जाऊन देऊन आलो. दुसऱ्या लसीची तारीख मात्र चुकली, कारण प्रत्येकाला वाटलं दुसरा कोणी बघेल. (ज्यांनी टीममध्ये काम केलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको!)

मग २०२२ मध्ये ऑफिसं उघडली. एकाचं लग्न ठरलं, एकाने नोकरी बदलली, मला प्रोजेक्टसाठी चार महिने बंगळूरला जावं लागलं. घरमालक काकांनी करार वाढवायला नकार दिला. बगला आम्ही शेजारच्या बांधकामावरच्या वॉचमनकडे दिलं, सोबत खाण्याची एक मोठी पिशवी आणि दोन हजार रुपये. मी परत आलो तेव्हा इमारत पूर्ण झाली होती. वॉचमन नव्हता, बगही नव्हता. तीन शनिवार-रविवार त्या भागात गाडीवरून फिरलो. नाही सापडला. आम्ही चौघं आजही भेटतो, पण तो विषय कोणी काढत नाही.

आता त्या दोन पानी फॉर्ममधले प्रश्न बघा. घर स्वतःचं की भाड्याचं? भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी आहे का? तुमची बदली झाली, परदेशी जावं लागलं, तर कुत्रं कुठे राहणार? दिवसातले किती तास ते एकटं असेल? घरातल्या सगळ्यांना मान्य आहे का? जबाबदार व्यक्ती एक कोण, तिचं नाव लिहा. यातला प्रत्येक प्रश्न बगच्या बाबतीत आम्ही नापास झालेला प्रश्न आहे. कोणी तेव्हा विचारले असते तर आम्हाला कुत्रं मिळालं नसतं, आणि ते योग्यच झालं असतं.

माझ्या मित्राचा पहिला मुद्दा असा की कुत्रं फुकट आहे. मंडळी, ते फुकट नाही, फक्त त्याचं बिल दुसऱ्याने भरलंय. रस्त्यावरून उचललेल्या पिल्लाला पार्व्हो झाला तर कित्येक दिवस सलाईन लागतं, आणि एवढं करून ते वाचेल याची खात्री नाही. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की लसी सुरू होतात, पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने बूस्टर, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची. शिवाय जंताचं औषध, गोचीड. आणि हे सगळं करणारी माणसं कोण? आमच्याशी बोलणाऱ्या ताई बँकेत नोकरी करतात. संध्याकाळी सातला घरी येऊन स्वतःच्या हॉलमध्ये तीन पिल्लांची शी-शू काढतात, आणि रात्री दहाला तुमच्या-माझ्यासारख्यांचे फोन घेतात. यासाठी त्यांना पगार नाही. दहा आठवडे रात्री जागून वाढवलेलं पिल्लू अनोळखी माणसाच्या हातात देताना त्यांनी दहा प्रश्न विचारले तर त्याला नखरे म्हणायचं?

आपल्याला नोकरीवर घेताना कंपनी दहावीच्या मार्कशीटपासून सगळं तपासते. मागच्या मॅनेजरला फोन करते. तेव्हा आपण निमूटपणे कागद स्कॅन करून पाठवतो. तिथलं नातं सरासरी दोन-तीन वर्षांचं! कुत्रं बारा-पंधरा वर्षं जगतं. आज अठ्ठाविसाव्या वर्षी घेतलं तर माझ्या चाळिशीपर्यंत ते माझ्याबरोबर असणार. एवढ्या काळात लग्न, मूल, घरबदल, आईवडिलांची आजारपणं, सगळं येऊन जातं. त्याचा विचार आधी करा एवढंच तो फॉर्म सांगतो.

दुसरा मुद्दा, पैसे टाकून आणतो. टाका की. विकणारा एकच प्रश्न विचारेल, "कॅश की ऑनलाईन?" आपल्याकडे २०१७ पासून कुत्र्यांच्या पैदाशीसाठी केंद्राचे नियम आहेत, नोंदणी सक्तीची आहे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. तुम्ही ज्याच्याकडून घेताय त्याला नोंदणीचा कागद दाखवा म्हणून बघा, चेहरा कसा होतो ते. पिल्लाची आई दाखवा म्हणावं. आमच्या सोसायटीत एक सायबेरियन हस्की आहे. पुण्याचा एप्रिल, पारा चाळिशीला टेकलेला, आणि ते बर्फातलं जनावर दिवसभर बाथरूमच्या फरशीवर पडलेलं असतं. त्याच्या मालकाला कोणी एक जरी प्रश्न विचारला असता ना, तर बरं झालं असतं.

तिसरा मुद्दा जरा गंभीर आहे. लोक म्हणतात, रस्त्यावर इतकी कुत्री आहेत, लहान मुलांना चावतात, मग जो नेतोय त्याला नेऊ द्या की, तेवढंच एक कमी. देशात २०१९ च्या पशुगणनेत भटक्या कुत्र्यांचा आकडा दीड कोटीच्या वर होता. चावण्याची भीती खोटी नाही. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळपास वाचतच नाही. ज्याच्या घरात असं घडलंय त्याच्यासमोर प्राणीप्रेमाची भाषणं देऊ नयेत. पण घाईने दिलेलं पिल्लू रस्त्यावरचं एक कुत्रं कमी करत नाही. सहा-आठ महिन्यांनी ते मोठं होतं, सोफा फाडतं, आणि एके दिवशी गाडीत घालून कुठेतरी लांब सोडलं जातं. तेही नसबंदी न करता. कुत्रीचे दिवस दोन महिन्यांत भरतात, आणि एका वेळी चार-सहा पिल्लं सहज. म्हणजे एक कमी करायला गेलो आणि पाच वाढवून आलो. म्हणूनच हे गट नसबंदीची अट लेखी घेतात आणि तारीख आली की फोन करून पिच्छा पुरवतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयात काय झालं ते बऱ्याच जणांनी वाचलं असेल. ११ तारखेला सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायचा आदेश आला. २२ तारखेला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून जिथून उचलली तिथेच सोडा, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री मात्र सोडू नका, असं सांगितलं. त्याच आदेशात आणखी एक वाक्य होतं ज्यावर फारशी चर्चा झाली नाही. ज्यांना रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचंय त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, आणि ते परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची. म्हणजे जी अट आमच्या बँकेतल्या ताई घालतात तीच!

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा त्यांचा वकील झाला. सगळे गट शहाणे नाहीत. गेल्या वर्षी मी पहिल्यांदा ज्या गटाकडे गेलो त्यांनी मला एका ओळीत उडवलं: अविवाहित आणि भाडेकरूंना आम्ही देत नाही. बास. पुण्यात घर शोधताना "बॅचलर नको" ऐकून कान किटले होते, इथेही तेच! हे मला आजही पटत नाही. प्रश्न जरूर विचारा, पण उत्तर ऐकून घ्या. स्वतःच्या तीन बीएचकेमध्ये राहणारं कुटुंबही कुत्रं बाल्कनीत बांधून ठेवू शकतं. आणि एकटा भाडेकरू रोज सकाळी सहाला उठून फिरवूही शकतो. सरसकट नियम लावला की ताकदीचा माणूस गळतो आणि मग तोच विकत घ्यायला जातो. माझ्या मित्राच्या रागात एवढा भाग खरा आहे, आणि गटांनी तो ऐकायला हवा.

दुसऱ्या गटाने मात्र विचारलं आणि ऐकलं. घरमालक काकांची परवानगी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागितली. खिडक्यांना जाळी आहे का ते बघितलं, कारण दिवाळीत फटाक्यांना घाबरून कुत्री पळतात आणि हरवतात. कराडला आईला फोन लावला. आई म्हणाली, "आमच्याकडं कुत्रं दारात असायचं, घरात न्हाई." ताई तिच्याशी अर्धा तास बोलल्या. मी परगावी गेलो तर कुत्रं आईकडे राहणार असं मी फॉर्ममध्ये बिनधास्त लिहिलं होतं, आईला न विचारता. ते तिथे उघडं पडलं. शेवटी आई तयार झाली, पण तिच्या अटीवर: आधी मला आणून दाखव.

त्यानंतर तांबू आली. दीड वर्षाची, मागचा एक पाय किंचित लंगडा. ताईंनी बजावलं होतं, तीन दिवस ती घाबरलेली राहील, तीन आठवडे घर ओळखेल, तीन महिन्यांनी तुमची होईल. आम्हाला चार लागले. आजही महिन्यातून एकदा ताईंचा मेसेज येतो, "फोटो पाठवा." पूर्वी मी याला पाळत म्हटलं असतं. आता पाठवतो.

बगचा एकही फोटो मला मागायला कोणी नव्हतं. मागणारं असतं तर बंगळूरला जाताना मला त्याचं उत्तर शोधावं लागलं असतं.

तर मित्रा, तो फॉर्म भर. ज्या प्रश्नाचा राग येतोय त्याचं उत्तर तुझ्याकडे बहुधा नाहीये, ते आधी शोध. नाहीच सापडलं तर कुत्रं घेऊ नकोस, त्यात कमीपणा काही नाही. एखादं पिल्लू तीन आठवडे सांभाळ, शनिवारी तुझ्या गाडीतून कोणाला तरी डॉक्टरकडे सोड, एका नसबंदीचं बिल भर. त्या ताईंना माणसं कमी पडतात, कुत्री नाही.

आणि हे सगळं मी तुला सोमवारी डबा खाताना तोंडावर सांगणार आहे. बगची गोष्टसुद्धा.