चांदणी का लुकलुकते?

उन्हाळ्यात इशाची नमाज झाली की बिबवेवाडीत आमच्या गच्चीवर गाद्या पडतात. परवा धाकटीने विचारलं, "अब्बू, चांदण्या लुकलुकतात का?"

"बेटा, चांदणी नाही हलत. वरची हवा हलते, म्हणून तिचा उजेड थरथरतो."

थोरला लगेच म्हणाला, "मग हवा नसेल तिथे काहीच लुकलुकत नसेल?"

प्रश्न रास्त होता. ताऱ्यांमधली पोकळी अगदी रिकामी नसते. तिथे एक लिटर जागेत सरासरी काही डझन मोकळे इलेक्ट्रॉन असतात. हा विरळ वायू सारखा ढवळलेला असतो, कुठे दाट तर कुठे पातळ. त्यातून जाताना रेडिओलहरी वळतात, विखुरतात आणि लुकलुकतात.

शाळा सुटल्यावर मुलं फाटकातून एकदम बाहेर पडतात. कुणी सरळ रस्त्याने येतं, कुणी गल्लीबोळातून. घरापर्यंत घोळका लांबतोच. लहरींचंही तसंच होतं. पल्सार हा मृत ताऱ्याचा गरगर फिरणारा गाभा. त्याचे ठोके घड्याळासारखे नेमके असतात, पण वाटेतल्या वायूमुळे ते पसरून आपल्याकडे येतात. वारंवारता निम्मी केली, तर हे पसरणं जवळपास १६ पट वाढतं.

हे ठोके ऐकणारी मोठी दुर्बीण आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडदला आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. ही दुर्बीण कमी वारंवारतेवर ऐकते, म्हणजे वायूचा गोंधळ जिथे सर्वांत जास्त तिथेच.

हा तोटा वाटेल, पण तोच उपयोगी पडला. गुरुत्वलहरींमुळे पल्सारच्या ठोक्यांत पडणारा फरक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी असतो. वायूमुळे झालेला उशीर आधी नीट मोजून वजा केला नाही, तर त्यालाच गुरुत्वलहर समजण्याची चूक होईल. खोडदच्या नोंदींनी तो उशीर बारकाईने मोजता आला. जून २०२३ मध्ये युरोपीय गटाबरोबर भारतीय-जपानी गटानेही अतिमंद गुरुत्वलहरींचे पुरावे जाहीर केले, त्यात या नोंदी होत्या.

थोरल्याला एवढंच सांगितलं, "बेटा, निरोप पुसट आला तर वाटेचाही हिशेब करावा."

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. मुलांना जरूर न्या. दुर्बिणीजवळ मोबाईल मात्र बंद ठेवा. त्या नाजूक कानांना आपला फोनही फार मोठा आवाज असतो.