पाठीतलं पाणी आणि आपलं शहाणपण

मंडळी, आज जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

"पाठीत सुई घातली की माणूस कायमचा अधू होतो." हे वाक्य मी ठाण्यात ऐकलंय, कल्याणात ऐकलंय, आणि मागच्या वर्षी डोंबिवलीला आत्याच्या घरी ऐकलं. आतेभावाला पंधरा दिवस ताप, डोकेदुखी, उलट्या, मग असंबद्ध बडबड. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी पाठीतलं पाणी तपासायचं म्हटलं. सही व्हायला चार दिवस लागले! का, तर शेजारच्या कुणाचा कुणीतरी म्हणे त्यानंतर उठलाच नाही. अहो, तो आजाराने उठला नसेल, सुईने नाही.

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई जाते त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये. मोठ्या माणसात हे पाणी असतं साधारण 150 मिली आणि शरीर रोज 500 मिली नवं बनवतं. काढलेले दहा मिली अर्ध्या तासात भरून निघतात. नंतर दोन-चार दिवस डोकं दुखू शकतं, हे खरं. मेंदूवर दाब फार असेल अशी शंका आली तर डॉक्टर स्वतःच आधी सीटी करतात.

आमच्या भाषेत सांगायचं तर ते पाणी म्हणजे लॉग फाइल. जंतू आवरणात शिरले की पेशी एकमेकींना निरोप धाडतात, टीएनएफ, इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-6 वगैरे. मग पांढऱ्या पेशी धावून येतात, रक्तवाहिन्या झिरपतात, मेंदू सुजतो. म्हणजे नुकसान एकटे जंतू करत नाहीत, आपलीच फौजही करते. ही धामधूम रक्ताच्या रिपोर्टात दिसेलच असं नाही. पाण्यात दिसते. साखर घटलेली, प्रोटीन वाढलेलं, पेशी कोणत्या जातीच्या. एडीए नावाचं एन्झाइम टीबीकडे बोट दाखवतं, त्यावर आपल्या नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसने 2006 साली पेपर छापलाय. लांब कशाला जायचं?

बरं, टीबीचा मेंदुज्वर निघाला तर पुढचा तमाशा तयारच! "स्टेरॉइड नको हो, किडनी जाते." व्हिएतनाममध्ये 545 रुग्णांवर झालेला अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. टीबीच्या औषधांसोबत डेक्सामेथासोन दिलेल्यांत मृत्यू 31.8 टक्के, न दिलेल्यांत 41.3. अपंगत्व मात्र कमी झालं नाही, तेही सांगतो. पण शंभरात नऊ-दहा माणसं वाचतात हो! ते औषध त्या बेफाम फौजेला आवरण्यासाठीच असतं. (एचआयव्ही असलेल्यांत 2023 च्या अभ्यासात असा फायदा दिसला नाही. म्हणून तर ठरवायचं डॉक्टरांनी, मावसकाकांनी नाही.)

आतेभाऊ वाचला. उजव्या हातात अजून जोर नाही, लोकलमध्ये डाव्या हाताने दांडा धरतो. चार दिवसांमुळेच झालं असं कुणी छातीठोक सांगणार नाही. पण या रोगात औषध किती शुद्धीवर असताना सुरू झालं यावर बरंच अवलंबून असतं, आणि पहिल्या दिवशी तो मला नावाने ओळखत होता.

आणि मी? इंजिनीअर ना, हे सगळं मी दुसऱ्याच रात्री वाचलं होतं. मोठ्यांसमोर कुठे बोला, म्हणून गप्प बसलो.