गाडीचे चाक कुरकुरते तेव्हा

गेल्या महिन्यात चिपळूणहून कराडला निघालो, तर मागून घूं घूं असा आवाज. अम्मी म्हणाली, रस्ताच खराब आहे. आम्हीही तेच धरून चाललो आणि चुकलो. पुढे गुळगुळीत डांबर लागले, तरी आवाज तसाच! टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. बेअरिंगचा सहसा फक्त वेगाबरोबर वाढतो.

कराडच्या मिस्त्रींनी एकच विचारले, "डावीकडे वळताना वाढतो का?" वाढत होता. वळताना भार बाहेरच्या चाकावर पडतो, म्हणून संशय उजव्या चाकावर. जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवले, तर चक्क खेळत होते. याच चाकावर आम्ही कुंभार्ली घाट चढून आलो होतो, मागे मुले झोपलेली.

दर वेळी इतके गंभीर नसते. टिकटिक आवाज बहुधा नक्षीत अडकलेल्या खड्याचा. खडा काढून टाका, पण खिळा निघाला तर तो उपसू नका, तसेच पंक्चरवाल्याकडे जा. गाडी उभी करून टायरवर हात फिरवा. करवतीसारखे दाते लागले तर अलाइनमेंट बिघडले आहे. उंचवटे-खळगे लागले तर शॉकअब्सॉर्बर दाखवा.

धपधप आवाज आणि स्टेअरिंगला थरथर असेल तर टायरच्या बाजूला फुगा आला आहे का पाहा. असला तर पुढे जाऊ नका, तिथेच स्टेपनी लावा. आमच्या स्टेपनीत त्या दिवशी हवाच नव्हती, हेही सांगून टाकतो.