इअरप्लग वाटले म्हणजे कान वाचले?

भिलाईत सुरक्षेचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकायला मिळतो, आणि तो मांडणारे शिकलेसवरलेले असतात म्हणून जास्तच खटकतो. पोलाद म्हटले की आवाज आलाच. आम्ही इअरप्लग देतो, कामगारच घालत नाहीत. कान हळूहळू सरावतात. आणि उतारवयात कमी ऐकू येणे कुणाला चुकले आहे? म्हणजे दोष यंत्राचा नाही, मालकाचा तर नाहीच. दोष खुर्सीपारच्या वस्तीतून पाळीला जाणाऱ्या माणसाचा!

कान सरावतात हे साफ खोटे आहे. आतल्या कानातल्या रोमपेशी आधी थकतात, मग मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. वयाची सबबही टिकत नाही. आवाजाचा घाव ऑडिओग्रामवर, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावर, 4000 हर्ट्झच्या आसपास खाच पाडतो. निव्वळ वयाचा आलेख त्यापुढेही उतरतच जातो.

आता ते लाडके इअरप्लग. पाकिटावर 30 डेसिबलचे संरक्षण छापलेले असते. ते पूर्ण मिळाले असे धरू. आवाज 3 डेसिबलने वाढला की ध्वनिऊर्जा दुप्पट होते. म्हणून 8 तासांच्या पाळीत प्लग फक्त 48 मिनिटे काढला, तरी 30 चे संरक्षण 10 वर येते. निम्मा वेळ काढला तर 3 वर. आणि तो का काढतात, हे सभागृहात बसून कळत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये पोकळ चौकटीवर ग्राइंडर टेकला की अख्खी चौकट घणघणते. शेजारचा हेल्पर कानाशी तोंड नेऊन ओरडतो. वर क्रेन भार घेऊन सरकत असते. तिचा भोंगा ऐकू आला नाही तर जीव जाईल. त्या माणसाने कान वाचवायचे की डोके? ही निवड त्याच्यावर लादायची आणि वर त्यालाच बेशिस्त म्हणायचे, हा निर्लज्जपणा आहे. हेल्मेटच्या वेळीही हेच झाले होते: आधी ‘घालत नाहीत’ म्हणून हात झटकले; उन्हात टिकेल, डोक्याला बसेल असे हेल्मेट आहे का, हे पाहायला कुणी तयार नव्हते.

खर्चाची ओरड तर ऐकूच नये. कंप्रेसरच्या हवेच्या तोंडाला सायलेन्सर बसवायला गिरणी विकावी लागत नाही.

मग करायचे काय? आवाज उगमाशीच अडवा. लोखंड पडते त्या घसरणीला रबराचे अस्तर द्या, कंप्रेसर भिंतीआड न्या, नवे यंत्र घेताना डेसिबलचा आकडा विचारा. आपल्या नियमांची 8 तासांना 90 डेसिबल ही मर्यादा 85 वर आणा. त्यानंतरही उरेल त्या आवाजासाठी प्लग, तोही कानात बसवून दाखवून. कामाला लागतानाच श्रवणचाचणी, मग दरवर्षी, आणि अहवाल कामगाराच्या हाती. ठेकेदार बदलला की ठेका कामगाराची जुनी नोंद हरवते. मग बहिरेपण कुठे आले, हे त्याने सिद्ध कसे करायचे? 1948 च्या कारखाने कायद्याने आवाजामुळे येणारे बहिरेपण अधिसूचित रोगांत घातले. तो रोग नोंदवणे आणि त्याची भरपाई देणे हे उपकार नव्हेत, देणे आहे.