मेपलचा रस आणि झाडाची जखम

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात आणि अमेरिकेच्या व्हरमाँटसारख्या ईशान्येकडील राज्यांत हिवाळा सरू लागला की शर्करा-मेपलच्या वनांत माणसांची लगबग सुरू होते. रात्री खोडातील पाणी गोठते, दिवसा ते वितळते. या आलटूनपालटून होणाऱ्या क्रियेमुळे खोडातील रसावर दाब येतो आणि सालीतून आत छिद्र पाडताच रस ठिबकू लागतो. तो आटविला म्हणजे उसाच्या काकवीची आठवण करून देणारा पाक तयार होतो. जगातील मेपलच्या पाकापैकी सुमारे ७० टक्के पाक एकट्या क्वेबेकमध्ये होतो. ही कला मात्र युरोपीय वसाहतकारांची नव्हे. ते येण्यापूर्वीपासून तेथील मूळ रहिवासी ती जाणत होते.

या रसाला निसर्गाची देणगी म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द गोड आहे, परंतु शास्त्राच्या कसोटीला तो उतरत नाही. रसातील साखर ही झाडाने मागील उन्हाळ्यात पानांच्या साहाय्याने तयार करून खोडात साठविलेली शिदोरी होय. आणि ती मिळविण्यासाठी पाडलेले छिद्र ही जखम होय. जो रस घेतो, त्याच्यावर त्या जखमेचे उत्तरदायित्व येते. हे उत्तरदायित्व झाडाजवळ नव्हे, तर त्याच्या आधी, हत्यारांच्या पेटीजवळ सुरू होते.

माणसाची जखम भरून येते, तशी झाडाची भरत नाही. अलेक्स शायगो या अमेरिकन वनशास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात हे स्पष्ट केले की, झाड दुखावलेला भाग पुन्हा निरोगी करीत नाही, तर त्याच्याभोवती जणू भिंत उभारून त्याला उरलेल्या खोडापासून तोडून टाकते. बाहेरून छिद्र एकदोन वर्षांत झाकले जाते. पण आत छिद्राच्या वर व खाली रंग पालटलेल्या निरुपयोगी काष्ठाचा पट्टा कायमचा राहतो. त्या पट्ट्यातून पुन्हा रस वाहत नाही. म्हणून नवे छिद्र जुन्याच्या नेमके वर किंवा खाली पाडणे म्हणजे मृत काष्ठात गिरमिट चालविणे होय. त्यात झाडाचेही नुकसान आणि मालकाचेही.

यावरून पुढील नियम ओघानेच येतात. खोडाचा व्यास छातीच्या उंचीवर निदान २५ ते ३० सेंटिमीटर झाल्यावाचून झाडाला हात लावू नये. एवढी जाडी येण्यास साधारणपणे चाळीस वर्षे लागतात. लहान झाडाला एकच छिद्र पुरे. त्याची खोली चारपाच सेंटिमीटरांपलीकडे नसावी. पूर्वी सुमारे ११ मिलिमीटर रुंदीचे छिद्र पाडीत. हल्ली ८ मिलिमीटरचे पाडतात, कारण लहान जखम लवकर झाकली जाते. आजारी किंवा वठत चाललेल्या झाडाला त्या वर्षी विसावा द्यावा. हंगाम संपताच तोटी काढून घ्यावी. ती तशीच राहिली तर छिद्र झाकले जात नाही.

येथे हत्यारांचा प्रश्न येतो. बोथट गिरमिटाने छिद्राच्या कडा फाटतात. अस्वच्छ तोटीतून व नळीतून सूक्ष्मजंतू छिद्रात शिरतात, रसवाहिन्या तुंबतात आणि हंगाम अर्ध्यावर असतानाच रस आटतो. मग अधीर मनुष्य दुसरे छिद्र पाडतो. म्हणजे न धुतलेल्या तोटीचा दंड झाड भरते! आटविण्याच्या उथळ कढयांचेही असेच आहे. रस आटताना त्यातून वाळूसारखा क्षार खाली बसतो. त्याचा थर खरवडून काढला नाही तर पाक करपतो आणि कढई जळते. जुन्या बादल्या व कढया पुष्कळदा शिशाच्या डाखाने जोडलेल्या असत. ते शिसे अन्नात उतरू शकते, हे कळल्यावर त्यांच्या जागी न गंजणाऱ्या पोलादाची भांडी घेणे हाच शहाणपणा होय.

याविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो, आणि तो क्षुल्लक नाही. हंगाम अवघ्या काही आठवड्यांचा. रसात साखर सुमारे दोनच टक्के, म्हणून एक लिटर पाकासाठी जवळजवळ ४० लिटर रस आटवावा लागतो. सरपण, मजुरी आणि वेळ यांचा खर्च चुकत नाही. अशा स्थितीत लहान मालकाने किती संयम पाळावा?

या प्रश्नाचे उत्तर या धंद्याच्याच इतिहासात आहे. १९६० नंतरच्या दशकात छिद्रात घालावयाची पॅराफॉर्मल्डिहाइडची गोळी प्रचारात आली. तिने जंतू मरत, छिद्र अधिक दिवस वाहते राही आणि रस वाढे. मालक संतुष्ट झाले. परंतु ती गोळी झाडाची आत्मरक्षणाची शक्तीही दुबळी करीत होती. शायगो व त्यांच्या सहकाऱ्याने १९७० मध्ये दाखवून दिले की, अशा छिद्रांभोवती काष्ठाची हानी अधिक पसरते. पुढे अमेरिका व कॅनडा या दोन्ही देशांत तिचा वापर बंद झाला. स्वच्छतेचे श्रम वाचविण्यासाठी जो जवळचा मार्ग काढला, त्याची किंमत झाडांनी दिली. साबण, पाणी आणि नवी तोटी यांचा खर्च त्या मानाने अल्पच.

भारतीय वाचकाला ही शिकवण परकी वाटू नये. बंगालमध्ये खजुरीच्या रसाचा गूळ करणारे लोक एका वर्षी खोडाच्या एका अंगाला खाच घेतात, तर दुसऱ्या वर्षी विरुद्ध अंगाला. रस काढल्यावर झाडाला काही दिवस विसावा देतात, आणि मडकी धुऊन, तापवून मगच पुन्हा बांधतात. वृक्ष निराळा, हवामान निराळे, परंतु विवेक तोच.

मेपलचे झाड दोनशे वर्षांहूनही अधिक जगू शकते. आज ज्याने त्यात छिद्र पाडले, त्याच्या नातवालाही त्याच खोडात निरोगी काष्ठ शोधावे लागेल. ते त्याला सापडेल की नाही, हे आजच्या गिरमिटाच्या धारेवर आणि आजच्या तोटीच्या स्वच्छतेवर अवलंबून आहे. एका हंगामात किती रस निघाला, हे त्या धंद्याचे अपुरे माप होय. पुढच्या पिढीसाठी किती झाडे धडधाकट राहिली, हेच त्याचे खरे माप होय.