फोल्डरांचे गठ्ठे



आमच्या तीर्थपुरीच्या वस्तीतील एक आजी गेल्या. जात्यावरच्या भीमाच्या ओव्या त्यांच्याइतक्या कोणालाच येत नव्हत्या. त्या ओव्या आम्ही मोबाईलवर उतरवून घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकल्या होत्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी नातू म्हणाला, "काका, आजीचा आवाज लावा ना." टीव्हीसमोर आम्ही अर्धा तास घाम गाळला. ओव्या सापडल्या नाहीत, लोक जेवून उठले. तिसऱ्या दिवशी 'नवीन फोल्डर ३' मध्ये, नुसत्या आकड्यांच्या नावाखाली त्या मिळाल्या. कचेरीत सहा गठ्ठे पद्धतीने फायली लावणारे आम्ही, आणि घरात हा उकिरडा!

जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात चालू ठेवून त्यावरची गाणी, भाषणे, सिनेमे घरातल्या टीव्हीवर आणि मोबाईलवर लावता येतात. त्यासाठी 'जेलीफिन' हा प्रोग्राम फुकट मिळतो. एकदा बसवला की घरच्या घरी ऐकायला इंटरनेटचा खर्च नाही, वायफायची डबी तेवढी लागते. पुष्कळ तरुणांनी तो बसवला आहे आणि सगळ्यांची तक्रार एकच, फार हळू चालतो. मग नवे मशीन घ्यायच्या गोष्टी निघतात. पगारदारालाही ते जड, तर मजुरी करणाऱ्याने काय करावे? आधी फोल्डर बघा.

आमच्याकडे मोबाईलचा सगळा माल एकाच फोल्डरमध्ये ओतलेला होता. त्यात 'शुभ सकाळ'ची हजारो चित्रे. प्रोग्राम प्रत्येक चित्र तपासतो, त्याची छोटी प्रत करतो आणि तेवढ्यात जुने मशीन धापा टाकू लागते. ती चित्रे बाहेर काढली तेव्हा निम्मा त्रास गेला.

दुसरी गंमत ऐका. आमच्या जयंतीच्या मिरवणुकीच्या व्हिडिओला आम्ही 'जय भीम' नाव देऊन सिनेमांच्या फोल्डरमध्ये ठेवले. प्रोग्राम नावावरून इंटरनेटवर शोध घेतो. त्याने आमच्या मिरवणुकीवर २०२१ सालच्या तमिळ 'जय भीम' सिनेमाचे, नट सूर्याचे चित्र चिकटवले! पोरे हसून हसून लोळली. म्हणून सिनेमे वेगळे, गाणी वेगळी, घरचे व्हिडिओ आणि फोटो वेगळे, असे मुळातच तीन विभाग करावेत. घरच्या व्हिडिओंचा विभाग बाहेर शोधायला जात नाही. सिनेमाला मात्र नाव आणि कंसात साल द्यावे, म्हणजे जब्बार पटेलांच्या चित्रपटाला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर (२०००)'.

गाण्यांचे प्रकरण नाजूक आहे. एका कॅसेटचा एक फोल्डर, तो गायकाच्या फोल्डरमध्ये, ही रीत. पण वामनदादा कर्डकांचे काय करायचे? १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मलेले आणि २००४ साली गेलेले वामनदादा लिहीत राहिले, आणि त्यांची गाणी गावोगावच्या गायकांनी गायली. नुसते गायकाचे नाव टाकले तर कवीचा पत्ता लागत नाही. हा प्रोग्राम फोल्डरच्या नावापेक्षा गाण्याच्या फाईलच्या पोटात लिहिलेली माहिती जास्त वाचतो. तिथे गायकाच्या रकान्यात गायक आणि रचनाकाराच्या रकान्यात कवी, असे दोघेही भरावेत. एका कॅसेटला आम्हाला एक रात्र लागली. बायको म्हणाली, "कचेरीत तरी एवढे काम करता का?" उत्तर दिले नाही.

वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन होते. त्या ध्वनिफितींना ०१, ०२, ०३ असे आकडे द्यावेत. १, २, ३ दिले तर पुष्कळ यंत्रे एकच्या मागून दहा लावतात, आणि श्रोता गोंधळतो.

फोल्डर लावूनही चित्र अडखळत असेल तर दोष दुसरीकडे असतो. जुन्या सीडीवरची भीमगीते टीव्हीला थेट वाचता येत नाहीत, म्हणून कॉम्प्युटर ती चालता चालता बदलतो आणि तापतो. ती एकदाच रात्रभर लावून एमपी४ मध्ये बदलून घ्यावीत. टीव्ही जवळ असेल तर वायफायऐवजी वायर जोडावी. आणि सगळ्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्याच्या घरी ठेवावी. आमची बहिणीकडे आहे.

आजींच्या ओव्या आता 'वस्तीतील आवाज' या फोल्डरमध्ये आहेत, आजींच्या नावाने, ०१ ते ०८. नातवाच्या मोबाईलवरही त्या लागतात. आठवी अर्धीच आहे. मध्येच आमचा फोन वाजला होता, ती घंटीही तशीच ठेवली आहे.